विसावी सही

१९८९ साली व्होल्गाकाठच्या आमच्या गावात साबणाच्या रांगेत माझ्यापुढे नर्स रिम्मा आणि पेन्शनर क्लावदिया मावशी उभ्या होत्या. बटाट्यांचं गोदाम झालेलं चर्च परत मागायला वीस सह्या लागत. रिम्माच्या कागदावर एकोणीस होत्या.

"मावशी, तुमची झाली की पुरे."

"माझ्या वडिलांनी अशीच सही केली होती. त्यांना नेलं, ते परत आले नाहीत."

"तो काळ गेला. आता वरूनच सांगतात, मोकळं बोला."

"याद्या करायची नवी सोय असेल ही."

"अहो, पेपरात रोज ते स्वतःचीच पापं छापतायत."

"तेच खटकतंय मला. अशांना उद्या भिणार कोण? आणि कुणी भ्यालंच नाही, तर हे राज्य उभं कशावर राहणार?"

"मग पडू दे."

"हळू बोल. माझी पेन्शन तिथूनच येते."

"म्हणजे सही नाही?"

"तुझ्या या मंडळींत स्तोत्रं गाणारं कुणी आहे का?"

"नाही हो. जुनी माणसं गेली."

"मला सगळी येतात. शेजारी ऐकतील म्हणून चाळीस वर्षं नळ सोडून गातेय."

"मग?"

"आण ते पेन. आणि मागच्या बाई, मघापासून कान लावून आहात, तर नावही नीट ऐकून घ्या. क्लावदिया येफिमोव्हना सुखारेवा."