हलकं संत्रं

पांढुर्ण्याच्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात अश्विनी चार्जर घ्यायला आली होती, पण पुढचं म्हातारं जोडपं काही हलेना. काकाजींनी लॅपटॉप तळहातावर घेतला आणि बागेतलं फळ तोलावं तसा खालीवर केला.

"भाऊ, हा पोकळ हाय. संत्रं हलकं लागलं का समजाचं, आत रस नाही."

"काकाजी, आजकाल सगळे हलकाच मागून राहिले."

काकाजी बायकोकडे वळले. "अन् एवढा मोठा स्क्रीन? तुले पिच्चर पाहाचे हाय काय वं?"

"मोबाईलवर तो बोटाएवढा दिसते. यात मोठा दिसन."

"कोण?"

"कोण काय विचारता? आपल्या वैभवचा पोरगा! सात महिन्याचा झाला तिकडं कॅनडात, अजून आपण हात नाही लावला त्याले."

"मंग मोठा घे. पण वजनदार घे, टिकन तरी."

"नाही, हलकाच पाहिजे. मले मांडीवर घ्याचा हाय."

काकाजींनी लॅपटॉप पुन्हा उचलला. या खेपेला दोन्ही हातांनी, खालून आधार देऊन.

"सात महिन्याचं लेकरू याच्याहून जड असन वं."

"तो घरी आला का त्याले तोलजा. तोवर हा धरा."