फटीतले कागद

— नाही नाही, पॅन असा नका धरू ताई, अंगठी आहे बोटात, चरा पडेल. दांड्यानं धरा. हां, असा. या उभ्या रेघा आहेत ना, यांच्यावर मासा ठेवा, मांसाचा तुकडा ठेवा, नाहीतर नुसते वांग्याचे काप ठेवा — झकास पट्टे उठतात, आणि चिकटायचं नाव नको. देतो की, विकायलाच बसलोय. पण आधी सांगा, त्या पिशवीत काय आहे? — अहो, चोर समजून नाही विचारत! — राळं दिसतंय. राळ्याचं पाकीट. म्हणजे घरात पाखरू आहे. एक की जोडी? — जोडी. आणि पिंजरा कुठे टांगलाय? — वाटलंच मला. ओट्यावर, खिडकीपाशी. काम करता करता बोलायला बरं पडतं, सगळेच तिथं टांगतात. बसा जरा. त्या स्टुलावर बसा, डुगडुगतं ते, पण पाडत नाही. पॅन राहू दे माझ्यापाशी.

हे बघा, भांडं वाईट नाही. वाईट असतं तर मी विकलं असतं का? — विकलं असतं, खोटं कशाला बोला — पण नाहीये वाईट. फक्त याला रिकामं तापवायचं नाही. कधीच नाही. आधी ब्रशनं तेलाचा हात फिरवायचा, मग मध्यम आच, आणि जिन्नस लगेच वर ठेवायचा. मोठ्या आचेवर रिकामं राहिलं ना, की हा काळा थर बिघडायला लागतो आणि त्याची वाफ सुटते. दिसते का? — नाही दिसत, तिथंच तर घात आहे. माणसाला खोकला येतो, थंडी वाजून ताप येतो, छाती नाजूक असेल तर त्याहून वाईट. पाखराला तेवढीही सवड मिळत नाही. म्हणून खिडकी उघडी ठेवायची, वरचा पंखा लावायचा, आणि पिंजरा आजच्या आज लांबच्या खोलीत. थर सोलवटला की पॅन टाकून द्यायचा, जीव अडकवायचा नाही भांड्यात. कुठं शिकलो म्हणता? कागदावर असतं हो सगळं. प्रत्येक खोक्यात घडी घातलेला कागद असतो.

तुम्ही वाचता कागद? — बघा, हसलात. कुणीच वाचत नाही. आणि जो वाचतो तो घाबरतो, घाबरला की ‘घरी विचारून येतो’ म्हणतो, आणि असं म्हणून गेलेलं गिऱ्हाईक परत फिरकतं का? — नाही फिरकत. म्हणून मी काय करायचो, माल आला की खोकी उघडायचो आणि कागद काढून घ्यायचो. सतरा वर्षं. चांगला कागद असतो, मऊ, काचेचे पेले गुंडाळायला एक नंबर. आणि इथंच, या शेगडीवर, गिऱ्हाइकासमोर रिकामा पॅन तापवून दाखवायचो — थेंब टाकला की तडतड उडायचा, बायका ‘अय्या’ म्हणायच्या. आता शेगडीचं तोंड मी पत्र्यानं झाकलंय, दिसतंय ना?

आक्का म्हणायची, तू बोलायला लागलास की दगडसुद्धा भांडी घेऊन जाईल. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा आणि ती पंधराची, तिनंच वाढवलं मला. सूतगिरणीत जायची. कापसाची धूळ खाऊन खाऊन छाती पार भाता झाली होती, दोन जिने चढली की तिसऱ्यावर बसायची. लग्न केलं नाही. मीही नाही केलं, का ते विचारू नका, दोघांचं बरं चाललं होतं. मग हातातली ताकद गेली तिच्या, लोखंडी तवा उचलेना, तर मी म्हटलं, आक्का, तुझा भाऊ भांडेवाला आणि तू तव्याशी कुस्ती खेळतेस? नेला एक पॅन घरी. हाच, हेच माप. कागद काढून, अर्थातच. दिव्याखाली अंधार म्हणतात ना, तसं.

आता गंमत ऐका — गंमत कसली, पण ऐका. जन्मभर लोखंडावर हात बसलेला तिचा. लोखंड कसं तापवतात? रिकामं ठेवायचं, आच मोठी करायची, कांदा चिरायला बसायचं, आणि धूर निघाला की समजायचं, तापलं. आक्का या पॅनसमोरही तशीच धुराची वाट बघत बसायची. आणि याला धूर दिसेपर्यंत होऊन गेलेलं असतं सगळं. मला म्हणायची, तुझं भांडं फार सावकाश तापतं रे. मी म्हणायचो, आच वाढव की. — हो, मीच म्हणायचो. जित्याची खोड मेल्याशिवाय… जाऊ दे.

तिचं एक पिवळं पाखरू होतं. ‘साहेब’ म्हणायची त्याला, कारण काम काही करायचं नाही आणि दिवसभर ओरडायचं. एके दिवशी सकाळी साहेब पिंजऱ्याच्या तळाशी पडलेला. दहा मिनिटांपूर्वी शीळ घालत होता. तळहातावर घेऊन बसली होती आक्का, मला म्हणाली, “या भांड्याचं तर काही नसेल ना रे?” आणि मी हसलो. हो, हसलो मी. म्हटलं, सतरा वर्षं विकतोय आक्का, एक तक्रार नाही, तुझा साहेब म्हातारा झाला होता. — कशाला तक्रार येईल? वाचलं कुणी होतं?

नंतर कडाक्याची थंडी पडली. खिडकीची चौकट आक्रसलेली, फटींतून वारं यायचं, आक्का रात्रंदिवस खोकायची. मला तिची काळजी नव्हती असं नाही बरं का. मी दुकानातून ते मऊ कागद नेले मूठभर, सुरीच्या टोकानं एकेक फट बुजवली. वाऱ्याला बोटभर जागा ठेवली नाही. केवढी खूश झाली होती. दुपारी जेवायला घरी गेलो तर दाराबाहेरच उग्र वास, आणि ती ओट्याशी खुर्चीत, चुरगाळल्यासारखी, श्वास ओढतेय. झोप लागली होती धुराची वाट बघता बघता. गॅस बंद केला, खिडकीला हिसका दिला, आणि ते सगळे कागद पडले माझ्या अंगावर. एक मुठीत राहिला. दवाखान्यात नेताना गाडीत तिचं डोकं मांडीवर होतं, तेव्हा पहिल्यांदा वाचला मी तो. सतरा वर्षांत पहिल्यांदा. चौथ्या ओळीत होतं सगळं — रिकामे तापवू नका, खिडकी उघडी ठेवा, पाळीव पक्षी दूर ठेवा.

डॉक्टर चांगले होते. तरुण होते. विचारलं त्यांनी सरळ, “ओट्यावर काय जळत होतं?” कागद माझ्या मुठीत, असा घामेजलेला. आणि बाकावर सोबत आलेल्या आमच्या गल्लीतल्या दोघीजणी, दोघींच्या घरी माझेच पॅन, कान टवकारून बसलेल्या. मी म्हटलं —

मी म्हटलं, “लोखंडी तवा होता. रिकामा राहिला.” असं कसं निघालं तोंडातून, मला अजून कळत नाही. नाही, कळतं. दुकान आठवलं. बहीण समोर मरतेय आणि मला दुकान आठवलं. डॉक्टरांनी आक्काकडे बघितलं, तोंडाला नळी होती तिच्या, डोळे उघडे होते. माझ्याकडे बघितलं तिनं. साहेबाला हातात घेऊन बघितलं होतं, तसंच. आणि मान हलवली — हो, लोखंडी. चार वर्षांचा असल्यापासून पाठीशी घालत आली होती मला, तेव्हाही घातलं. चौथ्या दिवशी गेली.

आता प्रत्येक खोक्यात कागद असतो. जुन्यांचे राहिले नाहीत, ते मी हातानं लिहितो, अक्षर बरं आहे माझं. त्या दोघींच्या घरी? — गेलो होतो. दिले कागद. कशासाठी ते नाही सांगितलं. हा घ्या तुमचा. चौथी ओळ — नाही, इथं नका वाचू. मोठ्यानं तर नकाच.

काय? — डॉक्टरांना खरं सांगितलं असतं तर?

पॅन न्यायचा असेल तर न्या, नसेल तर ठेवा तिथंच. पिंजरा आधी हलवा. जा ताई, जा आता. आणि जाताना दार उघडंच राहू द्या.