टीप होती हो!

अहो, चिडेल नाही तर काय करेल बाई? तुम्हाला सांगतो, आमच्या तारकर्लीची नीरजा एरवी कुणाला उलटून बोलायची नाही, पण त्या दिवशी तिने जो आवाज लावला तो थेट किनाऱ्यावरच्या होड्यांपर्यंत गेला! झालं काय, गावातल्या घरगुती मुक्कामाच्या खोल्यांची एक्सेल शीट ती सांभाळते, आणि कुठल्या खोलीची काय अडचण ते त्या त्या चौकोनावर कमेंट टाकून लिहिते. गुरुदासकाकांच्या माडीवर तिने स्वच्छ लिहिलेलं, ‘जिना उभा, गुडघे दुखणाऱ्यांना देऊ नये.’ टीप होती हो! मग तिच्या चुलतभावाने, यज्ञेशने, ती शीट वेबसाइटवर चढवली… आणि कोल्हापूरच्या सुभद्राबाई, गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, वॉकर धरून त्याच जिन्याखाली उभ्या! लेक ओरडतेय, “फसवता काय लोकांना? कुठे लिहिलंय जिन्याचं?” आणि म्हातारी बिचारी पहिल्याच पायरीवर बसली, डोळ्यांत पाणी, “समुद्र बघायला आले गं… आता परत न्या मला.”

नीरजाने मोबाईलवर पान उघडलं. खोली आहे, फोटो आहे, कोपऱ्यात तांबडा ठिपका आहे. टीप होती हो, पण दिसेल तर शपथ! लावला यज्ञेशला फोन.

“अगो ताय, ठिपक्यार माऊस धर, टीप उघडता!”

“मेल्या, फोनाक माऊस खंयसून लावू? बोट लावलंय तर फोटो मोठो होता!”

“माझ्या कॉम्प्युटरार बरा दिसता…”

“मग पावण्यांका तुझ्या कॉम्प्युटरार निजय!”

शेवटी गुरुदासकाकांनीच आपली खालची खोली म्हातारीला दिली आणि स्वतः वळकटी घेऊन माडीवर गेले. खिडकीतून समुद्र दिसल्यावर सुभद्राबाई हसल्या, पण नीरजाचा राग काही उतरेना. यज्ञेशला समोर बसवून म्हणाली, “लपलेली एकय टीप नको. खोलीच्या नावाखाली, साध्या अक्षरात, सगळा लिव!”

आणि त्याने लिहिलं हो, तिच्या शीटमधलं सगळंच लिहिलं! बाथरूम अंगणात, कोंबडा पहाटे आरवतो, आणि… ‘गुरुदासकाका घोरतात, भिंत पातळ.’ झालं! काका दारात हजर.

“माझा घोरणा जगाक कित्याक सांगलंस गो?”

“काका, ती… टीप होती हो…”

तेवढ्यात फोन वाजला. “ताई, पान वाचलं, छान आहे. बाथरूम खोलीतच आहे ना?”

नीरजाने कपाळाला हात लावला. आता टिपा दिसतात, नाही असं नाही. सगळी तारकर्ली वाचते… पाहुणे सोडून!