बिबड्यांची राखण

गच्ची मोकळीच आहे, कुंदाबाई, मी कुठं नाही म्हटलं — ते पातेलं आधी खाली ठेवा, ज्वारीच्या बिबड्यांचा घाटा गरम आहे, हात भाजेल. बसा. ऊन कुठं पळून जातंय, वैशाखातलं धरणगावचं ऊन, हाकललं तरी जात नाही. हो, महिना होत आला त्यांना जाऊन. रडून झालं माझं, आता नुसती बोलते. ऐका ना — जिनिंग मिलमध्ये कापसाच्या धुळीत जन्म गेला त्या माणसाचा, अंगाला ऊन म्हणून माहीत नाही, आणि फुप्फुसाचा कॅन्सर निघाला तेव्हा जळगावचे डॉक्टर मला म्हणतात, औषधं चालूच राहतील, पण लताबाई, त्यांना खोलीत कोंडू नका, सकाळचं ऊन अंगावर घेऊ द्या, उन्हात वावरणारे पेशंट जरा जास्त दिवस काढतात असं काही ठिकाणी दिसलंय, खात्री मात्र देत नाही. खात्री मागितली कोणी? मी आपलं 'जास्त दिवस' एवढंच ऐकलं.

पण ते बसतील तर ना. आजाऱ्यासारखं खाट टाकून लोकांसमोर बसायची लाज — म्हणायचे, तोताराम कधी रिकामा दिसलाय का गल्लीत? मग मला सुचलं. तेव्हा बायकांची वाळवणं सुरू झालेली, आपली गच्ची गल्लीत सगळ्यात मोठी, म्हटलं, माकडं फार झालीत, बिबड्यांच्या राखणीला माणूस पाहिजे. लगेच काठी घेऊन वर. पहिले तुमचेच बिबडे होते, पापडासारखे पातळ, आठवतं? तोंडाला उपरणं बांधून, वाळवणापासून लांब बसायचे, खोकला आला की पार कठड्याला जायचे. पण रात्री दोन घास जास्त जायला लागले, तोंडावर रंग आला. मला वाटलं, जमलं.

आणि मग तुम्ही म्हणालात, ज्वारी संपली, यंदा आता नाही करायचे. संपली असेल. मारुतीच्या पारावर तुमच्या धोतरावर वाळत होते ते कोणाचे होते मग — नाही, भांडत नाही मी, उठू नका. तुमचं पाहून सुमनबाई थांबल्या, त्यांचं पाहून बाकीच्या. खोकल्यानं बिबडे बाटतात म्हणे. हा रोग असा उडून बसत नाही हो, मला विचारलं असतं तर सांगितलं असतं. पण त्यांना काय सांगणार होते मी? राखायला काही उरलं नाही, खाली चला? म्हणून मीच करत गेले. पहाटे मागच्या चुलीवर घाटा शिजवायचा, ते उठायच्या आत वर थापून यायचं — तुमचे म्हणून लसूण जास्त, सुमनबाईंचे म्हणून तीळ जास्त. रोज विचारायचे, "आज कोना बिबडा शेतस?" मी म्हणायची, कुंदाबाईंचे. खूश व्हायचे. "लोकेसना भरोसा शे आपलावर." घरात डबे भरलेत, पिंप भरलंय, कोण खाणार आता — हे तुम्हाला सांगायचं नव्हतं मला, निघून गेलं तोंडातून.

शेवटी शेवटी उन्हात डोळा लागायचा त्यांचा. एका सकाळी माकडांची टोळी आली, तुमचं म्हणून घातलेलं अर्धं वाळवण नेलं, उरलेलं तुडवलं. त्यानंतर जेवण नीट गेलंच नाही त्यांना. दवाखान्यात नेताना रिक्षात माझा हात धरला — श्वास पुरत नव्हता हो, एकेक शब्द ओढून काढत होते — मला वाटलं, माझ्यासाठी काहीतरी बोलतील. तर म्हणाले, "कुंदाबाईले सांग, मना डोया लागी गया. तिना बिबडा भरी दे."

तेवढंच बोलले. त्यानंतर काहीच नाही.

तो कोपऱ्यातला डबा घ्या. घ्या म्हणते ना. तुमची माफी मागून गेलेत ते, मी फक्त निरोप देतेय. आणि जा आता, घाटा गार होतोय. मी नाही येत वर.