पायराचं पान

जहुरा : घाई न्हाय, सर. नीट बघा आन् मग सांगा कशाचं फळ हाय ते.

विश्वंभर : जहुरा, आधी बस तरी. घामाघूम झालीस.

जहुरा : बसायला आले न्हाय. वळणावरचं झाड सकाळी पाडलं. एक फांदी माझ्या वाडीच्या कुंपणात आली, तिच्यावरनं ही ओंजळभर तोडून आणलीत. आठवीत तुमी बाकावर फळं मांडून आमाला ओळखायला लावायचात. आज मी मांडलीत.

विश्वंभर : (एक फळ नखानं उकलून) पिकलेलं जांभळं. कच्चं हिरवं.

जहुरा : आन् पायराचं कच्चं फळ कसं असतं?

विश्वंभर : पांढुरकं. अंगावर ठिपके.

जहुरा : मग हे?

विश्वंभर : पिंपळ.

जहुरा : किती सहज म्हणालात आज. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत गावकीचे कोंडाजी म्हणाले, रस्ता रुंद व्हायला पायजे, पण पिंपळ असंल तर आमी करवत लावू देणार न्हाय, तसाच दिसणारा पायर असंल तर खुशाल तोडा. सगळी सभा तुमच्याकडं बघाया लागली. तुमी कागदाच्या घडीतनं पान काढलंत. आखूड शेपटीचं. म्हणालात, पायर. मी बायकांतनं उठले. म्हटलं, सर, ते झाड माझ्या बांधाला लागून हाय, त्याच्या पानाची शेपटी बोटाएवढी लांब असते. तर मागनं कुणीतरी बोललं, बाई, पिंपळाशी तुमचा काय संबंध? लोक हसले. मी तुमच्याकडं बघत होते. तुमी पान परत घडीत घालत होतात.

विश्वंभर : ऐकलं होतं मी ते.

जहुरा : ऐकलंत? मी तीन महिने मनाला सांगत होते, सरांना ऐकू गेलं नसंल. घरी अदनान माझ्यावरच चिडला. म्हणाला, अम्मी, त्यांचं झाड त्यांना बघू दे, उद्या दुकानात येऊन लोक मला विचारतील. पोटचा पोरगा. तेव्हापासनं पंचायतीची पायरी चढले न्हाय मी.

विश्वंभर : पान शाळेमागच्या पायराचं होतं. त्या सकाळी फिरायला गेलो होतो, तेव्हा तोडलं.

जहुरा : चुकून?

विश्वंभर : एकतीस वर्षं ही दोन झाडं शिकवली. चुकून कसं होईल?

जहुरा : मला वाटलं, निदान चुकून म्हणाल.

विश्वंभर : का केलं ते तुला ठाऊक नाही. माझी श्यामला त्या वळणावर...

जहुरा : त्या गाडीत मी होते, सर. मागच्या सीटवर.

विश्वंभर : हो. होतीस. समोर जेट्टीकडचे दोन ट्रक, मागे आपण आणि मधे ते खोड. पाऊण तास. भर दुपारी, मुरूडचा दवाखाना दहा मिनिटांवर. मी उतरून ट्रकवाल्याच्या हातापाया पडत होतो. परत आलो तेव्हा तू तिच्या तोंडावर पदर ओढला होतास. त्यानंतर दोन वर्षं भाजी आणायला त्याच वळणावरून जात होतो. लोक त्या झाडाच्या सावलीत उभे राहून एसटीची वाट बघायचे. मोजणीला आलेला माणूस म्हणाला, सर, पिंपळ निघाला तर गाव अडवेल आणि रस्ता तसाच राहील. पुन्हा कुणी तिथं अडकून जाऊ नये, एवढंच मनात होतं.

जहुरा : एवढंच?

विश्वंभर : नाही. मला ते पडलेलं बघायचं होतं.

जहुरा : बघितलंत?

विश्वंभर : सकाळी गेलो होतो. लांब उभा राहिलो. वाटलं होतं, बरं वाटेल.

जहुरा : वाटलं?

विश्वंभर : नाही.

जहुरा : ताईंचं डोकं माझ्या मांडीवर होतं. त्या खोडाला मी काय कमी शिव्या घातल्यात? सभेत उभं राहून तुमी म्हटलं असतंत, पिंपळच हाय, तरी तोडा, माझी बायको इथं गेली, तर पहिला हात माझा वर झाला असता.

विश्वंभर : लोकांनी ऐकलं नसतं. कोंडाजीनं तर नाहीच.

जहुरा : नसतं ऐकलं. झाड राहिलं असतं, रस्ता तसाच राहिला असता. पण त्या दिवशी मी तिथं एकटी उभी राहिले नसते. माझ्या घरात मी सगळ्यांना सांगत आले, झाडाझुडपाचं जे येतं ते सरांनी शिकवलं. मकसूद गेल्यावर, नवऱ्याच्या मागं, वाडी त्याच जोरावर चालवली. आन् सरच मान खाली घालून बसले.

विश्वंभर : मी कोंडाजीकडे जातो. आत्ताच. सगळं सांगतो.

जहुरा : काय सांगाल? झाड तर गेलं. गावात कळलं की गावानं पिंपळ तोडला, तर आधी माझं नाव निघंल. हिनंच उकरून काढलं म्हणतील. अदनानला ह्याच गावात राहायचंय. तुमी गप बसा, सर. तेव्हा बसलात तसंच.

विश्वंभर : मग तू आलीस तरी कशाला?

जहुरा : शाळेतल्या आश्लेषा बाईंनी पाठवलंय. नवीन आल्यात त्या. सोमवारी पोरांना वडा-उंबराची, पिंपळ-पायराची पानं ओळखायला बाहेर न्यायचंय. म्हणाल्या, सर येतील का विचारून या.

विश्वंभर : येईन की. सकाळचं ना? किती वाजता?

जहुरा : सांगते मी त्यांना, सरांना आता नीट दिसत न्हाय.