डाव्या अंगाची जागा

नानासो : हं, वर घे. आनिक वर. कानाच्या फुडं जाऊ दे की हात.

ज्ञानू : जातोय नानासो, जातोय… ह्यो बघा, हितवर जातोय.

नानासो : हितवर म्हंजे कानापातूर. आपल्या होडीची रीत काय हाय? पान्यात उतरायच्या आदी वल्हं दोन्ही हातानं डोस्क्यावर धरून कृष्णामाईला दावायचं. ज्याचं वल्हं डोस्क्यावर जात न्हाई, त्यो काठावर बसून टाळ्या वाजवतो.

लीलाबाई : टाळ्या वाजवाय हात पुरतोय हेंचा, त्याची काळजी नगं.

ज्ञानू : तू गप गं! नवऱ्याच्या बाजूनं बोल की.

लीलाबाई : बोलतीय की. नानासो, वल्हं पान्यात मारायचं असतंय का आभाळात?

नानासो : लीलाबाई, शिमग्यात गुळाच्या गाडीवरनं पडून गळ्याखालचं हाड कुनाचं मोडलं? माझं, का तुझ्या नवऱ्याचं?

ज्ञानू : जुडलंय की! मिरजेच्या डाक्टरनं फोटू काढून दावला मला. म्हनला, हाड पक्कं झालंय, आता हात गळ्यात बांधून फिरलास तर खांदा धरंल. हलव म्हनला!

नानासो : मग ही गाठ कसली?

ज्ञानू : जुडल्याली जागा हाय ती. दाबा की, दुखत न्हाई. हाड जरा आखूड जुडलंय, म्हनून खांदा बोटभर आत आलाय. बास, येवढंच.

लीलाबाई : नवा सदरा शिवला तर डावी बाही लोंबतीया. शिंपी म्हनतोय, माप न्हाई चुकलं बाई, मानूस चुकलाय.

नानासो : हसू नगा. दुष्काळाच्या सालापासनं नदी अशी भरल्याली न्हाई. मधल्या धारंत एकाचा हात अडला तर समदी होडी आडवी हुती. आता घटकाभरात शर्यतीचं निशाण पडंल. ज्ञानू, ऐक माझं. औंदा बस काठावर. फुडच्या साली बघू.

ज्ञानू : फुडच्या साली? आवं, गेल्या साली नाकभर फरकानं हरलो, तवा तुमीच म्हनलासा, ज्ञानू, आता फुडची शर्यत तुझ्या जिवावर. ती हीच की! एकडाव होडीत बसून मारून दावतो. न्हाई जमलं तर माझा मीच उतरतो.

नानासो : बस. दोर सोडू नगं. मार… मार… थांब. डावा हात वर येताना दात खाल्लंस.

ज्ञानू : खाल्लं. उजव्या अंगाला वल्हवताना डावा हात वरच्या मुठीवर असतोय. कपाळापातूर उचलावा लागतोय, आन् नेमका तितंच अडतोय.

नानासो : मग? उतर तर.

ज्ञानू : उतरतो… थांबा. थांबा, नानासो! डाव्या अंगाला वल्हवलं तर? उजवा हात मुठीवर, डावा खाली! डाव्याला वर जायाचं कामच न्हाई, नुसतं वडायचं! सरका, सरका जरा!

(ज्ञानू वल्हं डाव्या बाजूला घेऊन पाण्यात मारतो. बांधलेली होडी दोराला हिसका देऊन गर्रकन वळते.)

लीलाबाई : अगं आई गं! दोर तुटंल की!

नानासो : आनिक मार. वड! दुखलं?

ज्ञानू : न्हाई! देवाशपथ न्हाई! माझ्या तोंडाकडं बघा की!

नानासो : बघतोय. येड्यावानी हसतोयस. पर डाव्या अंगाला जागा कुठं हाय? तिघं तितं ठरल्यालं. म्होरच्या फळीवर तर…

लीलाबाई : म्होरच्या फळीवर कोन?

नानासो : मी.

लीलाबाई : तुमचं दोन्ही खांदं धड हाईत न्हवं?

नानासो : ज्ञानू, तुझी बायकू कोर्टात पायजे हुती. आरं, जलम गेला माझा त्या फळीवर. उजव्या अंगाला माझा हात तरी बसंल का?

ज्ञानू : माझा डावीकडं बसंल तसा तुमचा उजवीकडं. नवं तर दोघं बी!

नानासो : हं… चल, हो डावीकडं, मी बसतो उजवीकडं. आन् वल्हं डोस्क्यावर न्हाई गेलं तर छातीशी धरून दाव. कृष्णामाईला दिसतंय.

लीलाबाई : आवं, निशाण उचललं! बसा, बसा बिगी!

ज्ञानू : पडलं! हाणाऽऽ!

नानासो : एकसारखं! ज्ञानू, घाई नगं! हां, वड! वड!

ज्ञानू : पलीकडची होडी मागं पडतीया, नानासो! मागं पडतीया!

नानासो : तिकडं बघू नगं! वड!

ज्ञानू : आलो! आपलं टोक म्होरं! जिकलो की वो! खांदा ठणकतोय, पर ठणकू दे मर्दाला! नानासो? आवं, काठाकडं काय बघतायसा?

नानासो : त्या घाटाच्या पायरीवर, हिरव्या लुगड्यात… आमची मनुबाई हाय का रं ती?

ज्ञानू : व्हय की, तुमची कारभारीनच. दरसाल तितंच हुबी असती. शर्यत सरली की तुमच्या आदी घरला पळती. तुमास्नी ठावं न्हाई?

नानासो : डाव्या फळीवरनं पलीकडचाच काठ दिसायचा रं. आन् दरसाल घरी गेलो की ती मला इचारती, कोन जिकलं म्हनून.