औरंगाबाद ते नांदेड, चाळीस मिनिटं

—व्हय, व्हय, विमानतळ नांदेडलाच हाय, पर तुमी उलटं इचारून राहिले, साहेब. विमानाला किती टाइम लागतो, हे काहून इचारता? आधी इचारा, जातं का. हसू नका. बसा, जीप भरल्याबिगर हालत न्हाई. चा घ्या.

मी ग्यानोबा. वीस वर्सं झाली ह्या हाटेलात—वारंगा फाट्यावर कोणती गाडी कवा येती, सगळे मलाच इचारतात. मला! अन् माझंच चुकलं पाहा. आमचा रत्नपाल औरंगाबादला कंपनीत, नवी नोकरी. हिकडं त्याची माय, चांगुणा, अंथरुणाला खिळलेली. डॉक्टर म्हणले, आता घरीच ठेवा. तिचं रोज एकच—पोराला बोलवा. तवा नांदेडचं विमानतळ नुकतंच नवं झालेलं, लई बोलबाला. मी हिंगोलीला गेलो, कॉम्प्युटरच्या दुकानात. म्हणलं, औरंगाबाद ते नांदेड विमानानं किती? तिथल्या बाईनं कागद काढून दिला—दोनशे किलोमीटर, चाळीस मिनिटं. खोटं न्हवतं हो! हिशेब बराबर होता. विमान उडतं का न्हाई, हे त्यात न्हवतं, अन् मीबी इचारलं न्हाई. जल्म एस्टीच्या फाट्यावर गेला—आपल्याकडं टाइम लिव्हला म्हंजे गाडी हायेच, उशिरा का व्हईना.

तो कागद मी चांगुणाच्या उशाखाली ठेवला. म्हणलं, अगं, मी बाळापूरचा बाजार करून येईस्तोर पोरगं दारात! सुट्टी काहून वाया घालवायची त्याची? आठ दिवस तिनं बोलवा म्हणलं, अन् आठ दिवस मी तिला कागद दाखवला.

मग एक दिवस सकाळीच तिचा श्वास बदलला. फोन केला—रत्नपाल, काही पाहू नको, विमानात बस. तो म्हणला, बाबा, इथून नांदेडला विमानच न्हाई. एस्टीनं निघतो. जालना, जिंतूर, औंढा—आठ तास.

आता... तुमी परके, म्हणून सांगतो. माझ्या लेकीला, साक्षीलाबी सांगितलं न्हाई. मी चांगुणाजवळ गेलो अन् म्हणलं, बसला. विमानात बसला. असं तोंड उजळलं तिचं! म्हणली, भितीवरचं घड्याळ काढा, माझ्याम्होरं ठेवा. ठेवलं. मीच ठेवलं. काटा फिरून राहिला अन् ती मधीच वर पत्र्याकडं पाहायची—आवाज येतो का. चाळीस झाली. पंचेचाळीस झाली. तासाला तिनं घड्याळ सोडलं अन् माझ्याकडं पाह्यलं. उशाखालचा कागद काढला, माझ्या हातात दिला, अन् भितीकडं तोंड केलं. दुपारीच गेली. पोरगं आलं दिवस बुडताना, उभ्यानं आलेलं, एस्टीत जागाच न्हवती.

लोक म्हणतात, बिचारी लेकराची वाट पाहत गेली. न्हाई हो. वाट पाहणं तिनं सोडलं होतं, मी तिथंच होतो ना. फक्त—तिला मी खोटा वाटलो, का पोरगंच निघालं न्हाई असं वाटलं, ते काही...

भरली तुमची जीप. न्हाई, न्हाई, काही बोलू नका. उचला पिशवी. जा.